श्वास रोखणारांचें धैर्य

गेल्या श्रावणांत माझे एक जुने स्नेही संध्याकाळच्या वेळीं माझ्याकडे आले आणि बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी करीत बसले. जी गोष्ट बोलावयास मनुष्य आलेला असतो ती सोडून इतर सर्व गोष्टी तो बोलूं लागला, म्हणजे ती गोष्ट जड आहे असें समजावें. अखेर उठतां उठतां, पायांत वहाणा सरकवीत असतां, ते म्हणाले, "मुलीला तुम्ही एक पत्र लिहा. ती तुमचें ऐकते." त्यांची मुलगी शास्त्रशाखेची, परंतु केवळ हौस म्हणून दोन वर्षें ती माझ्या तत्त्वज्ञानाच्या तासांना मागच्या बांकावर येऊन बसत असे. पुढें तिनें समुद्रांतील जीवांचा अभ्यास धरला आणि आतां ती परदेशीं संशोधकांच्या एका तुकडींत काम करते. त्या तुकडीचें काम असें, कीं पाठीवर हवेचें नळकांडें न बांधतां, केवळ छातींत भरून घेतलेल्या एका श्वासाच्या बळावर समुद्रांत खोल उतरावयाचें. तेथें हिंडणाऱ्या शार्क माशांच्या, म्हणजे आपले कोळी ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतात त्यांच्या, अगदीं अंगाजवळ जावयाचें. आणि हातांतील लांब काठीनें पाठीच्या पराच्या बुडाशीं एक लहानसें यंत्र टोचून परत वर यावयाचें. "हें वेड आहे," माझे स्नेही म्हणाले. "शास्त्राचें नांव दिलें म्हणून वेडाचें शहाणपण होत नाहीं."

मीं पत्र लिहिण्याचें कबूल केलें. परंतु कबूल करून सहा आठवडे लोटले तरी माझ्या हातून तें लिहून होईना. ज्या मुलीला मी "तूं हें करूं नकोस" असें लिहिणार, ती करते तें चूक आहे अशी माझी स्वतःची खात्री असावयास पाहिजे होती. आणि लेखणी हातीं घेतली कीं नेमकी तीच खात्री नाहींशी होई. ज्या गोष्टीविषयीं आपली खात्री नाहीं ती दुसऱ्याच्या मुलीला अधिकारवाणीनें सांगणें हा आम्हां अध्यापकांचा जुनाच दोष आहे. या वेळीं मात्र तो करवेना. पुढें जें लिहीत आहें तें त्या न लिहिलेल्या पत्राच्या निमित्तानें झालेलें चिंतन समजावें.

पाण्यांत बुडी मारणारा मनुष्य हा तत्त्वज्ञानाला नवखा नाहीं. प्लेटोच्या 'लॅकीज' नांवाच्या संवादांत धैर्य म्हणजे काय याचा ऊहापोह आहे. लॅकीज हा शिपाईगडी. धैर्य म्हणजे मनाचा टिकाव, असें तो सांगतो. यावर सॉक्रेटिस त्याला विचारतो, कीं बुडी मारण्याची कला अवगत नसतां जो विहिरींत उडी घेतो तो अधिक धीट, कीं ती कला जाणून जो घेतो तो? लॅकीजला कबूल करावें लागतें, कीं न जाणणाराच अधिक धीट दिसतो. परंतु न जाणतां उडी घेणें हा तर मूर्खपणा. आणि धैर्य तर सद्गुण आहे असें आधींच ठरलेलें. तेव्हां मूर्खपणा हाच श्रेष्ठ सद्गुण ठरण्याची पाळी येते! मौज अशी, कीं 'प्रोटॅगोरस' या दुसऱ्या संवादांत हाच बुडीवाला पुन्हां येतो आणि तेथें त्याच्याकडून अगदीं उलट साक्ष काढली जाते: विहिरींत निर्भयपणें उतरतात ते बुडी जाणणारेच, आणि न जाणतां जे निर्भय असतात त्यांना धीट नव्हे, वेडे म्हणावें. एकाच साक्षीदारानें दोन न्यायालयांत दोन जबान्या द्याव्या, तसा हा प्रकार आहे. मी इतकीं वर्षें हे दोन्ही संवाद शिकवीत आलों, आणि दर वर्षीं या ठिकाणीं विद्यार्थ्यांना हंसवून पुढें गेलों. त्या विहिरीच्या तळाशीं खरोखरच कांहीं प्रश्न पडलेला आहे हें माझ्या ध्यानांत या पावसाळ्यांत आलें.

माझ्या स्नेह्यांचें म्हणणें लॅकीजच्या संवादांतील आहे. त्यांच्या मुलीचें, तिला विचारलें असतें तर, प्रोटॅगोरसच्या संवादांतील झालें असतें. "बाबा, मी शिकलें आहें," असें ती म्हणाली असती. कोणाचें खरें?

प्रथम हें पाहिलें पाहिजे, कीं हा उद्योग मुळांत कशासाठीं. मला वाटलें होतें, कीं हवेचीं नळकांडीं उपलब्ध असतां तीं टाकून श्वास रोखून उतरणें ही केवळ मर्दुमकीची हौस असावी. तसें नाहीं. पीटर क्लिम्ली नांवाचे एक अमेरिकन संशोधक गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या आखातांत काम करीत असत. मेक्सिकोंतील ला पाझ शहराच्या बाजूस एस्पिरितु सान्तो नांवाचें बेट आहे. त्याच्यापलीकडे समुद्रतळावरून उठलेला, परंतु पाण्याबाहेर डोकें न काढणारा, असा एक बुडालेला डोंगर आहे. या डोंगराभोंवतीं हातोडीच्या आकाराच्या डोक्याच्या मुशींचे मोठमोठे थवे दिवसभर घिरट्या घालीत असत. मुशी हा एकलकोंडा जीव अशी समजूत. मग या शेंकड्यांनीं एकत्र कां येतात, हा प्रश्न. नळकांडें लावून उतरणाराच्या तोंडून बुडबुड्यांचा जो लोट खळखळत वर जातो त्याला या मुशी बिचकतात व दूर सरतात. म्हणून क्लिम्लींनीं बुडबुड्यांचा त्याग केला. छातींत श्वास कोंडून ते त्या थव्यांत उतरत, मुशींचीं छायाचित्रें घेत, त्यांच्या लांबीचीं मापें काढीत आणि काठीनें त्यांच्या अंगांत ध्वनियंत्र टोचून वर येत.

त्यांतून जें कळलें तें खरोखर वाचण्यासारखें आहे. थव्यांत माद्यांचा भरणा अधिक. त्यांतील मोठ्या माद्या मध्यभागीं असतात आणि विशिष्ट प्रकारें गिरक्या घेऊन लहानींना बाहेर लोटतात. रात्र पडली कीं थवा फुटतो. मुशी दूर खोल समुद्रांत चरावयास जातात आणि उजाडतां उजाडतां त्याच डोंगराशीं परत येतात. काळोख्या पाण्यांत, जेथें तळहि दिसत नाहीं, तेथें या नेमकी वाट कशी काढतात? समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकत्व कोठें अधिक, कोठें कमी असतें. त्या चढउतारांच्या अनुरोधानें त्या पोहत असाव्या, असें अनुमान क्लिम्लींनीं १९९३ सालीं मांडलें. मनुष्य जन्मल्यापासून ज्या पृथ्वीवर वावरतो तिच्यावर अशाहि वाटा आहेत, कीं ज्या त्याच्या एकाहि इंद्रियाला भासत नाहींत, ही गोष्ट मला तरी उपनिषदें वाचतांना वाटतें त्याच जातीच्या विस्मयानें स्पर्श करून गेली.

बरें, गळ टाकून मुशी पकडावी, नावेवर ओढून घ्यावी, यंत्र लावावें आणि सोडून द्यावी, हा मार्ग आहेच. कित्येक जातींच्या बाबतींत शास्त्रज्ञ तोच चोखाळतात. परंतु हातोडी-मुशी ही या कामीं विलक्षण नाजूक. गळाला लागली कीं ती इतकी झगडते, कीं तिच्या रक्तांत आम्लाचा संचय होतो, आणि सोडून दिल्यावर पोहून गेलेली दिसली तरी पुष्कळदां ती पुढें मरते. म्हणजे तिच्याविषयीं माहिती मिळविण्याची सुरक्षित रीत आहे, पण ती मनुष्याला सुरक्षित, तिला नव्हे.

येथें मला या प्रश्नाचें मर्म सांपडल्यासारखें वाटतें. ज्ञान मिळविण्यास कांहीं किंमत पडते, हें सर्वांस मान्य आहे. परंतु ती कोणीं द्यावयाची हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. आजवर शास्त्रानें ती बहुधा दुसऱ्याच्या खिशांतून दिली आहे. बेडूक, ससे, माकडें, आणि लज्जास्पद प्रसंगीं कैदी, गुलाम व अनाथ मुलें, यांच्या शरीरांवर ज्ञानाचीं देणीं फेडलीं गेलीं. या पार्श्वभूमीवर जो संशोधक म्हणतो, कीं हिला गळ लावण्याऐवजीं मी माझा श्वास कोंडतों, तो नुसतें साहस करीत नाहीं. तो धोक्याची मालकी बदलतो. काठीच्या टोंकाची जखम मुशीला होतेच, हें खरें. परंतु मरणाची जी शक्यता होती ती तिच्या बाजूनें उचलून त्यानें आपल्या बाजूला ठेविली. निःशस्त्र होऊन परक्याच्या घरीं जाणें आणि परक्याला बांधून आपल्या घरीं आणणें, या दोहोंनीं त्याची माहिती मिळेल. परंतु नीतीच्या दृष्टीनें हीं दोन कृत्यें एक नव्हेत.

अशा मनुष्यांची एक परंपरा आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोंचला आहे. १९३९ च्या जूनमध्यें लिव्हरपूलजवळच्या उपसागरांत 'थेटिस' नांवाची इंग्रजांची पाणबुडी बुडाली व तींतील नव्याण्णव माणसें गेलीं. बंद जागेंतील विषारी होत जाणाऱ्या हवेंत आणि दाबाखालीं मनुष्याचें काय होतें हें शोधण्यासाठीं जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं स्वतःस व आपल्या सहकाऱ्यांस पोलादी कोठड्यांत कोंडून घेतलें. अशा प्रयोगांत झटके येऊन त्यांच्या पाठीचे मणके दुखावले, कानाचे पडदे फाटले. हेच हॉल्डेन पुढें भारतांत आले, १९६१ सालीं भारताचे नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास वारले. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं तर आधींच घरांत ही चाल पाडून ठेविली होती. मात्र प्रामाणिकपणानें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं पाणबुड्यांनीं खोलीवरून टप्प्याटप्प्यानें वर कसें यावें याचीं जीं कोष्टकें या वडील हॉल्डेननीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं त्यांच्यासाठीं पुष्कळ शेळ्या खर्ची पडल्या. शुद्ध हात कोणाचेच नसतात.

या वडील हॉल्डेनचें दुसरें एक संशोधन आपल्या विषयाच्या गाभ्याशीं आहे. १९०५ सालीं प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं दाखविलें, कीं आपलें श्वसन चालतें तें मुख्यतः प्राणवायूच्या गरजेच्या जाणिवेनें नव्हे, तर शरीरांत सांचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या टोंचणीनें. श्वास रोखला असतां जो असह्य कोंडमारा होतो तो प्राणवायू संपल्याचा नसतो. विषारी वायू सांचल्याचा असतो. आतां कोणी मनुष्य बुडीपूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेऊं लागला, तर तो वायू शरीरांतून धुऊन निघतो. प्राणवायू मात्र फारसा वाढत नाहीं. परिणाम असा, कीं पाण्याखालीं त्याला कोंडमारा होतच नाहीं. त्याला वाटतें आपली ताकद वाढली. वास्तविक दारावरचा पहारेकरी तेवढा त्यानें झोंपविलेला असतो. प्राणवायू संपत येतो, कोणी हांक मारीत नाहीं, आणि शुद्ध हरपते.

खोलीची गंमत याहून क्रूर आहे. दहा मीटर खालीं गेलें, कीं पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. तीस मीटरांवर चौपट. छातींतील हवा त्या मानानें दाबली जाते आणि तींत उरलेला थोडासा प्राणवायूहि रक्तांत जोरानें शिरतो. म्हणून खोल असतांना मनुष्याला बरें वाटतें. वर येतांना दाब कमी होतो आणि प्राणवायूचा तो जोर एकाएकीं ओसरतो. म्हणून बुडी मारणारे बेशुद्ध होतात ते पुष्कळदां तळाशीं नव्हे, तर शेवटच्या कांहीं मीटरांत, पृष्ठभागाचा उजेड दिसत असतांना. किंवा वर येऊन पहिला श्वास घेतल्यावरसुद्धां. शार्कबरोबर बुडी मारणाऱ्यांविषयीं आपण विचारतों तें दांतांविषयीं. सबंध जगांत शार्कच्या हल्ल्यानें वर्षाला सरासरी पांचसहा माणसें मरतात. या उद्योगांतला खरा काळ त्या माशाच्या जबड्यांत नसून बुडणाराच्या स्वतःच्या छातींत आहे.

येथें मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मी बारा वर्षांचा असेन. कोंकणांत आमच्या आजोळीं एक मोठी विहीर होती. मे महिन्यांत आम्हीं सातआठ मुलें सबंध सकाळ तींत काढीत असूं. कोण अधिक वेळ बुडून राहतो ही आमची पैज. एक जण खालीं जाई, बाकीचे कांठावर उभे राहून मोठ्यानें आंकडे मोजीत. आमच्यांत एक मुलगा यांत पटाईत होता. तो पायरीवर बसून भात्यासारखा दहावीस वेळां श्वास घेई आणि मग उडी मारी. आम्हांला ती त्याची युक्ति वाटे. एके दिवशीं आम्ही साठ मोजले, ऐंशी मोजले, शंभर मोजले. शंभर झाले तेव्हां आम्ही टाळ्या पिटल्या. तो तळाशीं पायरीच्या खालच्या दगडापाशीं अगदीं स्वस्थ दिसत होता. एकशेंवीसच्या सुमारास आंब्यांचा करंडा घेऊन चाललेल्या गड्यानें वांकून पाहिलें, करंडा टाकला आणि अंगावरच्या कपड्यांनिशीं उडी घेतली. मुलगा वांचला. आज तो नातवंडांचा आजा आहे आणि ही गोष्ट हंसत हंसत सांगतो. मला ती हंसून सांगतां येत नाहीं. तो बुडत होता आणि आम्ही मोजीत होतों.

या विषयावर वाचीत असतां मला ते आंकडे वारंवार ऐकूं येत. १९१३ सालीं हाजी स्तात्ती नांवाच्या एका ग्रीक स्पंज काढणाऱ्यानें एका इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर सत्तरएक मीटर खोल जाऊन शोधला, ही कथा मीं पुष्कळ वर्षांपूर्वीं वाचली होती. तेव्हां ती मला पराक्रमाची वाटली होती व अजूनहि वाटते, कारण त्यानें तें कामासाठीं केलें. परंतु पुढें हाच पराक्रम आंकड्यांचा झाला. १९७६ सालीं जॅक मायोल यांनीं एका श्वासांत शंभर मीटरांची खोली गांठली. त्यानंतर एकशेंवीस, दीडशें, दोनशें. आणि त्या आंकड्यांच्या पायरीवर चांगलीं चांगलीं माणसें गेलीं. स्पर्धेविषयीं माझा कांहीं आक्षेप नाहीं, आपल्या जिवाची पैज लावणाऱ्या सुजाण माणसाला मी अडविणारा कोण? परंतु शास्त्रासाठीं उतरणाराच्या मागें हे मोजणारे येऊन उभे राहिले, म्हणजे प्रश्न बदलतो.

२०१९ च्या जानेवारींत हवाईच्या ओआहू बेटाजवळ एक मेलेला देवमासा तरंगत होता, आणि त्याच्या मांसासाठीं एक प्रचंड पांढरा शार्क तेथें आला होता. कांहीं पाणबुडे उघड्यानें त्याच्याबरोबर पोहले. एकीनें त्याच्या अंगावर हात ठेविला. तीं छायाचित्रें दोन दिवसांत जगभर गेलीं. शार्क हा राक्षस नव्हे हें लोकांस पटावें म्हणून आपण हें करतों, असें त्या मंडळींचें म्हणणें. कित्येक शास्त्रज्ञांनीं त्यावर टीका केली: भक्ष्यापाशीं आलेल्या प्राण्याला हात लावल्यानें ज्ञानांत कोणती भर पडली, आणि हीं चित्रें पाहून उद्यां जो पोरगा उडी टाकील त्याचें काय? मला ही टीका रास्त वाटते. परंतु दुसरी बाजूहि लपवितां येत नाहीं. २०२१ सालीं हवाईनें आपल्या पाण्यांत जाणूनबुजून शार्क पकडणें वा मारणें यांवर बंदी घालणारा कायदा केला, व त्यासाठीं खटपट करणारांत हीच मंडळी होती. क्लिम्लींच्या शांत, अबोल शोधाची गत काय झाली? ज्या डोंगराभोंवतीं त्यांनीं तें सर्व पाहिलें तेथील थवे मासेमारीनें कांहीं वर्षांतच ओसरले. २०१९ सालीं ती मुशी जगांतील अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत गेली. १९७० पासूनच्या अर्धशतकांत खुल्या समुद्रांतील शार्क व पाकट ७१ टक्क्यांनीं कमी झाले, असा हिशेब २०२१ सालीं 'नेचर' साप्ताहिकांत आला. म्हणजे शुद्ध हेतूचें फळ पाण्यांत गेलें, आणि मिश्र हेतूच्या हातून कायदा झाला. ज्यांना हेतु व फळ यांचा मेळ घालून दाखवावयाचा असतो त्यांनीं हें उदाहरण टाळावें.

आणि तरी मी हेतूचा पक्ष सोडूं इच्छीत नाहीं. त्याचें कारण नीतीचें आहे तितकेंच ज्ञानाचें आहे. ज्याला पाहिलें जावयाचें आहे तो पाहूं शकत नाहीं. क्लिम्ली मुशींत उतरले तेव्हां त्यांना त्यांच्यांत नसल्यासारखें व्हावयाचें होतें. बुडबुडा टाकला तो त्याचसाठीं. छायाचित्रासाठीं उतरणाराला मुशीच्या शेजारीं असल्यासारखें दिसावयाचें असतें. एकानें आपलें अस्तित्व कमी केलें. दुसऱ्यानें मुशीच्या आधारानें तें वाढविलें. बाहेरून दोघेहि श्वास रोखलेले.

सॉक्रेटिसच्या कोड्याविषयीं आतां मला असें वाटतें, कीं त्यानें 'जाणणें' हा शब्द एकाच अर्थानें धरला म्हणून तें सुटेना. मन्नारच्या आखातांत मोत्यांसाठीं बुड्या मारणारांची पद्धत पाहा. दगडाच्या वजनानें खालीं जाऊन एखाद्या मिनिटांत शिंपले गोळा करणारे ते लोक शार्कचा मंत्र घातल्यावांचून पाण्यांत उतरत नसत. मार्को पोलोच्या वृत्तांतांत या मांत्रिकांचा उल्लेख आहे व त्यांना मिळकतीचा विसावा भाग मिळे असें त्यानें सांगितलें आहे. पुढें इंग्रजी अंमलांतसुद्धां सरकारनें मांत्रिक ठेविले, कारण त्यांच्यावांचून पाणबुडे कामावर येतना. आणि त्यांतील एक मांत्रिक तर ख्रिस्ती होता, असें टेनंट या सिलोनच्या अधिकाऱ्यानें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. आपण यास हंसतों. परंतु त्या मंत्रानें एक काम होत असे: आज उतरावयाचें कीं नाहीं, हें ठरविणारा मनुष्य उतरणाराहून वेगळा होता. बुडी कशी मारावी हें जाणणें ही एक विद्या. आज मारूं नये हें जाणणें ही दुसरी. पहिली अंगांत मुरते तसतशी दुसरी कमी होण्याचाच संभव अधिक. विहिरींतला आमचा तो सोबती पहिली विद्या आम्हां सर्वांहून उत्तम जाणत होता.

आतां राहिला बापाचा प्रश्न. मुलगी वयांत आलेली. तिच्या जिवावर तिचा अधिकार, हें तर खरेंच. परंतु आपल्या परंपरेंत मनुष्य जन्मतो तोच ऋणकरी म्हणून. देवांचें ऋण, ऋषींचें ऋण, पितरांचें ऋण. ऋषींचें ऋण विद्येनें फेडावयाचें. आणि कोणाला न दिसणारी समुद्रतळाची वाट शोधून ती जगाच्या स्वाधीन करणें हें या ऋणाचें उत्तम फेडणें आहे, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु एका सावकाराला देतांना दुसऱ्याचें देणें बुडालें तर? शास्त्रकारांनीं तिन्ही ऋणें सांगितलीं; तिहींचा तगादा एकाच दिवशीं आला तर काय करावें हें सांगितलें नाहीं. माझे स्नेही "हें वेड आहे" म्हणाले त्याचा अर्थ धैर्याच्या व्याख्येशीं कांहीं लागत नव्हता. रात्रीं दोन वाजतां दूरध्वनीची घंटा वाजेल, इतकाच त्याचा अर्थ होता. आणि त्या अर्थाला माझ्याजवळ प्लेटोचें उत्तर नव्हतें.

अखेर मीं तिला पत्र लिहिलें तें चार ओळींचें. जा किंवा जाऊं नकोस यांपैकीं कांहींच लिहिलें नाहीं. एवढेंच विचारलें, कीं तूं खालीं असतांना वर कोण असतो, आणि तो काय करीत असतो?

तिचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. तिनें लिहिलें होतें: "सर, एक खालीं गेला कीं दुसरा वरच असतो, दोघें एकदम कधींच उतरत नाहींत. मी परत फिरलें कीं तो दहा मीटर खालीं येऊन मला गांठतो आणि डोळ्यांशीं डोळा लावून बरोबर वर येतो. वर आल्यावर अर्धा मिनिटपर्यंत तो माझ्या तोंडाकडे पाहत राहतो; तोंवर मी बोलत नाहीं, नुसता श्वास घेतें. भराभर श्वास घेऊन उतरावयाला इथें मनाई आहे. गेल्या महिन्यांत मी चाळिसांवर बुड्या मारल्या आणि चार यंत्रें लावलीं. एकदां एक मोठी मादी माझ्यापासून काठीभर अंतरावर आली. तिनें डोकें किंचित् कलतें केलें. काठी उचलणार तों पोटांतला पडदा उसळूं लागला, म्हणून मी फिरलें. पुन्हां ती त्या आठवड्यांत दिसली नाहीं. वर आल्यावर यंत्र हातांतच होतें. नावेवर कोणी कांहीं विचारलें नाहीं. एकानें चहा दिला."

तें पत्र घेऊन मी स्नेह्यांकडे गेलों. त्यांनीं चष्मा लावून तें दोनदां वाचलें, व्यवस्थित घडी घालून मला न विचारतां आपल्या खिशांत ठेविलें, आणि बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "तिकडे आतां किती वाजले असतील?"